से कॅथेड्रलच्या निमित्ताने

जुन्या गोव्यात आपण बहुतेक जण बॉम जेझसमध्ये झेवियरचे दर्शन घेतो आणि समोरच्या से कॅथेड्रलवर धावती नजर टाकून परततो. या अंकात आम्ही तिथेच थांबलो आहोत. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो संत कॅथरिनच्या सणाचा दिवस. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचे. १७७६ मध्ये त्याचा एक मनोरा कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. कॅथेड्रलचे बांधकाम चालू होते त्याच काळात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. सक्ती, श्रद्धा आणि आपली भाषा इथे एकमेकांत गुंतली आहेत, म्हणून वास्तुकलेइतकीच जागा आम्ही धर्मांतराच्या इतिहासालाही दिली आहे. गोव्यातल्या वाचकांनी आपल्या घराण्यातल्या आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात.