पादचारी ‘घर्षण’ कधी ठरला?

मोटार, शहर, डिझाइन आणि दळणवळण यांचा एकत्र विचार करणारे अभ्यासक्रम आता आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसीत ‘मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन’ शिकता येते. अहमदाबादच्या एनआयडीचाही वाहन-डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. इतिहासाच्या वर्गात मात्र मोटार शिरत नाही. एम.ए.ला नागरी इतिहास शिकताना आम्ही १८९६ चा प्लेग, १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, गिरण्या आणि चाळी इथपर्यंत येतो आणि थांबतो. पुढचा प्रांत अभियंत्यांचा, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मला मान्य नाही. कारण अभियंत्यांच्या त्या शास्त्रालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या फुटपाथपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. त्यासाठी आजच्या धाग्यात आधी अमेरिकेत जाऊ.

मिलर मॅक्लिंटॉक यांनी १९२४ मध्ये हार्वर्डमध्ये शहरातील वाहतूक नियंत्रणावर प्रबंध लिहिला. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. रस्ते रुंद करून गर्दी हटणार नाही, रुंद रस्ता आणखी मोटारी ओढून आणील, आणि कमी जागेत अधिक माणसे नेणाऱ्या ट्रामला मोटारीपेक्षा अग्रक्रम हवा, असा त्यांचा त्या वेळचा कल होता. आज वाचताना नवल वाटावे असा!

याच सुमारास लॉस एंजेलिसच्या वाहतूक आयोगाने त्यांना बोलावले. आयोगाचे प्रमुख होते पॉल हॉफमन, शहरातील स्टुडबेकर मोटारींचे बडे विक्रेते. (हेच हॉफमन १९४८ मध्ये मार्शल योजनेचे प्रशासक झाले.) मॅक्लिंटॉक यांनी तयार केलेली नियमावली जानेवारी १९२५ मध्ये लागू झाली. पायी चालणाऱ्याने कुठून आणि केव्हा रस्ता ओलांडायचा, हे तिने बांधून दिले. तोवर रस्ता सर्वांचा होता. मुले त्यावर खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसे हवी तिथून पलीकडे जात. ही नियमावली पुढे इतर शहरांसाठी नमुना ठरली.

त्यानंतर स्टुडबेकर कंपनीच्या पैशाने एक संशोधन ब्युरो उभा राहिला आणि कंपनीचे अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किन यांचे नाव त्याला मिळाले. संचालक मॅक्लिंटॉक. १९२६ मध्ये तो हार्वर्डला आला, १९३८ मध्ये येलला गेला. मधल्या काळात, १९३३ मध्ये, स्टुडबेकरचे दिवाळे वाजले. ब्युरो मात्र टिकला. शिष्यवृत्तीवर तेथे शिकलेले तरुण शहरोशहरी वाहतूक अभियंते म्हणून गेले.

या काळात मॅक्लिंटॉक यांचे मतही फिरले. रुंदीकरणाला विरोध करणारे आता मोटारींसाठी वेगळे, अखंड मार्ग मागू लागले. त्यांना विकत घेतले, असे मी म्हणणार नाही. माणसाचे मत प्रामाणिकपणेही बदलते. पण प्रश्नच बदलला, हे पाहावे. ‘रस्त्यावर हक्क कोणाचा?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘प्रवाह कशाने अडतो?’ हा पुढे आला. मॅक्लिंटॉक यांनी अडथळ्यांना नाव दिले घर्षण, आणि त्याचे चार प्रकार केले: समोरून येणाऱ्या वाहनांचे, चौकातील, कमीजास्त वेगामुळे एकाच प्रवाहात होणारे, आणि कडेचे. कडेच्या घर्षणात उभ्या मोटारी येतात, तसा कडेने वावरणारा माणूसही येतो. भौतिकशास्त्रातील एका निष्पाप शब्दाने नागरिकाला अडथळ्याच्या रकान्यात नेऊन बसवले. मला तरी हा त्या काळातील सर्वांत परिणामकारक निर्णय वाटतो, आणि त्यावर कोठेही मतदान झाले नाही.

आता मुंबईकडे येऊ. येलच्या त्याच ब्युरोचे सहसंचालक राहिलेले विल्बर स्मिथ यांनी १९५२ मध्ये स्वतःची सल्लागार कंपनी काढली. तिने १९६३ मध्ये मुंबईच्या वाहतुकीचा अहवाल दिला आणि बेटाच्या पश्चिम व पूर्व बाजूंनी द्रुतगती मार्ग सुचवले. काही महिन्यांतच, ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडू नये. ट्रामचे मार्ग आधीपासूनच एकेक करून बंद होत होते. पण अहवालातील रेषा विरल्या नाहीत. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, २०२४ मध्ये खुला होऊ लागलेला किनारी रस्ता, या सर्वांची वंशावळ तिथवर जाते. सेतूवर आणि किनारी रस्त्याच्या वाहनमार्गावर पादचाऱ्याला तर नाहीच, दुचाकीलाही प्रवेश नाही. महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात मात्र सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होत असल्याचे दिसले होते.

म्हणून असा अभ्यासक्रम इतिहास विभागातही हवा, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तेथे येऊन बसावे. पहिल्या आठवड्यात मॅक्लिंटॉक यांचे १९२५ चे पुस्तक वाचावे, दुसऱ्या आठवड्यात १९६३ चा मुंबईचा अहवाल. तिसऱ्या आठवड्यात वर्ग बाहेर न्यावा: दादर स्थानकाबाहेर उभे राहून ‘कडेचे घर्षण’ मोजायला.