लसवाटपात 'आधी आपण'चे गणित

स्वतःला सर्वांत जवळचे आपणच, अशा अर्थाची एक लॅटिन म्हण रोमन नाटककार टेरेन्सच्या 'आंद्रिया' नाटकातून प्रचलित झाली. मराठीत जवळपास हेच शहाणपण 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे सांगितले जाते. व्यक्तीपुरते ते खरे असेलही; परंतु राष्ट्रांनी साथीच्या काळात तेच धोरण मानले तर काय होते, हे करोनाच्या साथीत दिसून आले.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लस प्रथम अमेरिकनांना देण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय संघाने लशींच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या अडीच लाख मात्रा रोखल्या. भारताने 'लस मैत्री'द्वारे सहा कोटींहून अधिक मात्रा परदेशी पाठवल्या. मात्र दुसरी लाट उसळताच निर्यात जवळपास थांबली. गरीब देशांसाठीची 'कोव्हॅक्स' योजना प्रामुख्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर विसंबून होती. साहजिकच आफ्रिकेतील अनेकांची दुसरी मात्रा लांबली. २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी मात्रांचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या या योजनेला १०० कोटींचा टप्पा गाठण्यासाठी जानेवारी २०२२ उजाडावा लागला.

याच धोरणाचा फटका भारतालाही बसला. एप्रिल २०२१ मध्ये लसनिर्मितीच्या कच्च्या मालावरील निर्बंध उठवावेत, असे आवाहन सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांना अमेरिकेला जाहीरपणे करावे लागले. लस एका देशात आणि तिचा कच्चा माल दुसऱ्या देशात तयार होत असेल, तर प्रत्येकाने आपापले दार लावून घेतल्यावर कोणाचीच गरज भागत नाही.

तरीही सरकारांना केवळ स्वार्थी ठरवणे अन्यायाचे होईल. घरचे नागरिक प्राणवायूसाठी तडफडत असताना लस बाहेर पाठवणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारला परवडणारे नाही. म्हणूनच वाटपाचा नियम संकटापूर्वी ठरायला हवा. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी स्वीकारलेल्या महासाथ कराराची दिशा हीच आहे. त्यात सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळात २० टक्के उत्पादन संघटनेला उपलब्ध करून देण्याचे आणि त्यातील किमान निम्मे विनामूल्य देण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र विषाणूंचे नमुने व त्यांपासूनच्या लाभांच्या वाटपाचा तपशील पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आला. अमेरिकेने तर त्यापूर्वीच, जानेवारी २०२५ मध्ये, संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला होता.

पोटोबा आधी, हे कोणी नाकारत नाही. विठोबाचा वाटा मात्र ताट वाढण्यापूर्वीच बाजूला काढावा लागतो. भूक लागल्यावर तो उरत नाही.