खिशातला नवा चाकू

गेल्या मे महिन्यात आम्ही एक चाकू विकत घेतला. ही गोष्ट या सदरात सांगण्याजोगी आहे की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. घरच्या मंडळींचे मत विचाराल तर मुळीच नाही. स्वयंपाकघरात आदोळी आहे, परसात कोयता आहे. मग मिटून खिशात ठेवण्याच्या या खेळण्यावर पैसे कशाला घालवावेत, असा त्यांचा रोकडा सवाल. आम्ही काहीएक उत्तर दिले नाही. केवळ उजव्या हाताची तर्जनी पुढे केली.

त्या बोटाची हकीकत वाचकांस ठाऊक नसेल. तीसएक वर्षांपूर्वी फेस्ताच्या फेरीत घेतलेल्या एका मिटत्या चाकूने आम्ही काजूचे कलम बांधीत होतो. खुंट चिरताना पाते आत रुतले. ते सोडविण्यासाठी हलविले, तोच पाते अवचित मुठीकडे मिटले आणि वाटेत आमचे बोट सापडले. तीन टाके पडले. शेवटचे पेर आजही पुरते वाकत नाही. त्या चाकूचे पाते उघडे राही ते केवळ पाठीमागच्या एका पोलादी पट्टीच्या ताणाने. जोर उलटा पडला की ती पट्टी नमते, आणि मग पाते कोणाचे ऐकत नाही. तेव्हापासून मिटता चाकू हाती धरावयाचा नाही, असा आम्ही नेम केला होता.

तो नेम मोडला या नव्या चाकूच्या एका कड्याने. चाकू फ्रान्स देशाच्या साव्हॉय या डोंगराळ मुलखातला, ओपिनेल नावाचा. जोसेफ ओपिनेल या तरुणाने तो १८९० साली प्रथम घडविला. त्याचे वडील कोयते-कुऱ्हाडी घडविणारे कारागीर. मुलाचा हा खिशातल्या चाकूंचा नाद त्यांस पसंत नव्हता म्हणतात. (घरोघरी मातीच्या चुली!) पुढे १९५५ साली त्याच घराण्यातील मार्सेल ओपिनेल यांनी पात्याच्या बुडाशी फिरते पोलादी कडे बसविले. पाते उघडून कडे किंचित फिरवले की त्यातील फट बाजूस सरते आणि पात्याचा परतीचा मार्ग बंद होतो. यात कमान नाही, कळ नाही. २००० सालापासून तेच कडे मिटलेले पातेही अडवून धरते, त्यामुळे ते खिशात उघडण्याची भीती उरली नाही.

आम्ही घेतला तो आठ क्रमांकाचा. पाते साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच नावाच्या झाडाच्या एकसंध लाकडाची, आणि वजन इतके थोडे की पहिल्या दिवशी खिसा दोनदा चाचपून पाहिला. पात्यावर मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात कोरला आहे. तो सँ-झां-द-मोरियेन या गावच्या चिन्हातला. तेथील कॅथेड्रलमध्ये संत योहान बाप्तिस्ता यांच्या बोटांचे अवशेष जपलेले आहेत, अशी परंपरा आहे. आपला सांजांव तो हाच संत. दुकानात आम्हांस याची कल्पना नव्हती. नाहीतर भाव करण्यास जीभ रेटली नसती.

आता तक्रारी. आम्ही कर्बयुक्त पोलादाचे पाते निवडले, कारण ते घरच्या दगडावर पाण्याच्या चार थेंबांत धार धरते. पण पहिल्याच दिवशी कैरी चिरली आणि अर्ध्या तासात पाते काळे-निळे पडले. आमसुलाने तर डागच पाडले. पाते पुसून कोरडे करावे, खोबरेलाचे बोट फिरवावे, हे आम्ही त्यानंतर शिकलो. ज्यांस हा सोपस्कार नको त्यांनी न गंजणाऱ्या पोलादाचा घ्यावा, तोही मिळतो. दुसरी तक्रार पावसाची. मृग लागला आणि मूठ फुगली. पाते आत असे रुतून बसले की नख मोडले तरी उघडेना. साव्हॉयच्या शेतकऱ्यांचा उपाय असा की मुठीचे बूड मेजावर ठोकावे, म्हणजे पाते थोडे वर येते. आम्ही ओट्यावर ठोकले, आले. घरच्या मंडळींनी आतून विचारले, “आता काय फोडता आहात?”

जूनच्या तेविसाव्या तारखेस अकरा वर्षांचा नातू “शॅपाय” म्हणून लाडाने जवळ आला. दुसऱ्या दिवशी सांजांव. कोपेलासाठी वेली कापावयाच्या, तर चाकू द्याल का? आमची तर्जनी आपोआप मिटू लागली. त्याची आजी साफ नाही म्हणाली, आणि तिचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. पण एरवी तो सोबत्यांचा कोयता घेणार हेही दिसत होते. शेवटी त्यास पायरीवर बसवून चाकू दहा वेळा उघडावयास, कडे फिरवावयास, उलटे फिरवून मिटावयास लावला. कापताना पाते आपल्या अंगाकडे आणावयाचे नाही, आणि चाकू दुसऱ्याच्या हाती उघडा द्यावयाचा नाही, एवढे बजावले.

तो गेल्यावर आम्ही वर्तमानपत्र हाती घेतले. काय वाचले ते आठवत नाही.

सूर्यास्ताच्या सुमारास स्वारी परतली. खांद्यावर वेलींचा भारा, दहाही बोटे जागच्या जागी. चाकू मिटलेला होता आणि कडे फिरवलेले होते. पात्यावर मात्र वेलीचा चीक वाळून बसला होता. तो काढावयास बरेच खोबरेल लागले.