सावलीला भाव नाही

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर चित्र दाखवलं. बावीस मजले, आणि पश्चिमेकडची अख्खी बाजू खालपासून वरपर्यंत निळसर काच. "एकदम सिंगापूर!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. (मामा, तुम्हीही वाजवल्यात, पाहिलं मी.) मी उठून विचारलं, "छज्जे कुठे आहेत?" तर उत्तर आलं, "साहेब, आता एसी असतो ना." सगळे हसले आणि विषय संपला. तिथे बोलू दिलं नाही, म्हणून इथे बोलतोय.

आधी त्या सिंगापूरचंच घेऊ. इमारतीच्या बाह्यांगातून किती उष्णता आत येऊ द्यायची, यावर सिंगापूरने १९७९ सालीच कायद्याने मर्यादा घातली. आपण तिथली चकाकी उचलली, नियम तिथेच ठेवला!

आता मुंबईच्या हवेचं बघा. देशावर रात्री गारवा येतो, म्हणून तिथल्या वाड्यांच्या जाड भिंती कामाला येतात. मुंबईत हवा दमट, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा. घाम वाळला तरच बरं वाटतं, आणि त्यासाठी वारा लागतो. म्हणजे इथे मुख्य गोष्टी दोन : ऊन भिंतीपर्यंत पोहोचू द्यायचं नाही आणि वारा अडवायचा नाही. कोकणातल्या घराची पडवी नेमकं हेच करते. काच बरोबर उलटं करते. ऊन आत घेते, आतल्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र सहज बाहेर जाऊ देत नाही. वर उघडायला एवढीशी फट.

त्यात पश्चिमेची बाजू सगळ्यात वाईट. चार वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की आडव्या छज्जाने तो अडत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा खोल बाल्कनीच हवी. दक्षिणेला साधा छज्जा पुरतो. चारही बाजूंना सारखीच काच लावणाऱ्याने सूर्य कुठून कुठे जातो हे पाहिलेलंच नाही.

"बावीस मजल्यांना पडवी कशी काढणार?" असं सभेत कोणीतरी विचारलं. चार्ल्स कोरियांनी ती काढून दाखवली आहे. कंबाला हिलवरची २८ मजल्यांची कांचनजंगा इमारत १९८३ साली पूर्ण झाली. समुद्राचा वारा हवा तर पश्चिमेकडे तोंड करायला हवं, पण ऊन आणि पावसाचा मारा तिकडूनच. कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल बाल्कन्या दिल्या आणि खोल्या त्यांच्यामागे ठेवल्या. उंच इमारतीतली पडवीच ती. मरीन ड्राइव्हच्या १९३०-४० च्या दशकांतल्या इमारतींवरही खिडक्यांच्या डोक्यावर लांबलचक छज्जे दिसतातच.

मग आज हे का होत नाही? कारण सावली विकता येत नाही. २०१२ साली मुंबईच्या नियमावलीत बदल झाला. बाल्कनी, फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं आणि त्याबदल्यात घरांसाठी ३५ टक्के फंजिबल एफएसआय दिला. हेतू चांगला होता. बाल्कनी फुकटात मंजूर करून घेऊन पुढे खोलीत ओढायची, हा धंदा थांबवायचा होता. पण त्यामुळे बाल्कनी आणि बेडरूम एकाच मापाने मोजली जाऊ लागली. मग कुठला बिल्डर बाल्कनी देईल?

कबूल करतो, छज्जावर कबुतरं बसतात आणि पावसाळ्यात गळती होऊ शकते. पण कबुतरांना जाळी लावता येते, गळती दुरुस्त करता येते. नव्या दुहेरी काचा पूर्वीच्या काचांपेक्षा कितीतरी चांगल्या, हेही मान्य. तरी उन्हाला बाहेरच थांबवणं आणि आत आलेल्या उन्हाशी एसी लावून भांडणं, यात फरक आहेच. बिल्डर पैसे घेऊन जाईल. विजेचं बिल पुढची पन्नास वर्षं आपल्याला येणार आहे. आणि वीज गेली की? दुपारी घरी कोण असतं? माझी आई असते. तुमचीही असेल.

पुढची सभा महिनाअखेरीला आहे. फार काही नको, एकच प्रश्न विचारा : आपल्या इमारतीचा 'आरईटीव्ही' किती? छत सोडून बाकी बाह्यांगातून घरात येणाऱ्या उष्णतेचं हे माप. २०१८ च्या इको निवास संहितेत मुंबईसारख्या हवेसाठी त्याची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. आकडा लेखी मागा. देता आला नाही, तर ते चित्र परत न्यायला सांगा.

आणि मामा, या वेळी टाळ्या उत्तर ऐकल्यावर. असो.