आवाज गेला कुठे?

जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या घरातला आमचा संगणक चिखलात गेला. यंदा सुटे भाग आणून नवा जोडला. चित्र आले, आवाज नाही! मरहूम अब्बांचे रेकॉर्डिंग ऐकायला अम्मी मुद्दाम पोलादपूरहून आल्या होत्या. पाहतो तर स्पीकरची पिन मागच्या गुलाबी छिद्रात, ते माइकचे. हिरव्यात घातली, तरी शांतता. मग पडद्याच्या कोपऱ्यातले स्पीकरचे चिन्ह उघडले. विंडोज आवाज एचडीएमआय केबलने मॉनिटरकडे पाठवत होते, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! (यादीत स्पीकरचे नावच नसेल, तर मदरबोर्डच्या कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर टाकावा.) ‘स्पीकर्स’ निवडले. अब्बा खाकरले.

अम्मी म्हणाल्या, “जरा मोठा कर.”