उजेड मुंबईला, टँकर मोखाड्याला

कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणावर वीज तयार करायचा मुंबई महानगरपालिकेचा करार 2022 मध्येच झालाय. धरणाच्या पायथ्याशी 20 मेगावॅट जलविद्युत आणि पाण्यावर तरंगणारे 80 मेगावॅटचे सोलर पॅनल. हरित ऊर्जा म्हणून कौतुक झालं. मोखाड्यातल्या टपरीवर मात्र एकच प्रश्न होता, "आपल्याला काय?" त्याचं उत्तर मला तरी अजून ऐकू आलेलं नाही.

सरळ सांगतो, प्रकल्पाला माझा विरोध नाही. 102 मीटर उंचीचं धरण आधीच उभं आहे, जमीन बुडायची ती बुडाली. 2014 पासून त्यातलं पाणी खाली मोडकसागरात सुटतं आणि तिथून मुंबईला जातं, दिवसाला 45 कोटी लिटरच्या वर. तेच पाणी टर्बाइनमधून सोडलं तर थेंबभरही कमी होत नाही. माझं भांडण वाट्याचं आहे.

हिशोब करा. ठरल्याप्रमाणे वर्षाला साधारण 20 कोटी 80 लाख युनिट, दर 4 रुपये 75 पैसे. म्हणजे दरवर्षी जवळपास 99 कोटींची वीज आपल्या खोऱ्यातून जाणार. केंद्राचं 2008 चं जलविद्युत धोरण म्हणतं, स्थानिक विकासासाठी 1 टक्का वीज बाजूला काढा आणि प्रकल्पबाधित कुटुंबाला 10 वर्षं महिन्याला 100 युनिट द्या. आता कुणीतरी वकिली करील की ते मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, 25 मेगावॅटच्या आतला लघु धरतात, सोलर तर त्यात बसतच नाही. असेल. कागदावर आपण कधी कशात बसलोय? पण 99 कोटींचा 1 टक्का म्हणजे 99 लाख. एवढ्या पैशात काय होतं, ते एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणाऱ्या बाईला विचारा.

आपलं खरं दुखणं चढाचं आहे. वैतरणेचं पाणी मुंबईकडे बहुतेक उतारानेच जातं. आपले पाडे वर माळावर आणि नदी खाली दरीत. पाणी वर चढवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि नळपाणी योजनेचं बिल थकलं की जोडणी कापतात. मग उद्घाटनाची पाटी तेवढी उरते, आणि टँकर. ज्या धरणावर वीज होणार, त्याच विजेतला थोडा वाटा पाणी चढवायला द्या. आमच्या दरीचं हे भाडं समजा.

आणि हे काय पहिल्यांदा होतंय का? वर अप्पर वैतरणेवर 1970 च्या दशकापासून 60 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. तरी दिवाळीनंतर घरांना कुलपं लावून आपली माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातातच. काम चालू असतं तोवर गाव फुगतं. डंपर येतात, खोल्या भाड्याने जातात, वडापावच्या गाड्या लागतात, चार पोरांना ड्रायव्हरकी मिळते. काम संपलं की ठेकेदार निघतो, रस्ता खड्ड्यांसकट आपल्याकडे राहतो. सोलरचंही तेच. बसवताना शंभर हात लागतील, नंतर पॅनल पुसायला आणि पहाऱ्याला मोजकीच माणसं. ती तरी इथली घ्या. जव्हारच्या आयटीआयमधून पोरं बाहेर पडतायत, त्यांना काय कायम कंपनीच्या गेटवर उभं करायचं?

दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, पेसा कायदा 1996 पासून आहे. धरणाची जमीन महापालिकेच्या ताब्यात, म्हणून ग्रामसभेला विचारायची गरज नाही असं कुणी म्हणालं, तर विचारा, वीजवाहिनीचे टॉवर काय हवेत उभे करणार? ते कुणाच्या वरकस जमिनीत, कुणाच्या वनपट्ट्यात येतील, तो नकाशा आधी गावात लावा.

कोचाळे आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. पाणी चढवायला वीज, 1 टक्का स्थानिक निधी, कायमच्या कामावर स्थानिक पोरं आणि टॉवरचा नकाशा, एवढाच ठराव. पक्ष कुठलाही असो, बॅनर नंतर लावा. मसुदा लिहायला अडचण असेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो. आणि ठराव झाला की सही-शिक्क्यासकट फोटो काढून ठेवा, दप्तरातली प्रत ऐनवेळी सापडत नाही.