जुनं ते सोनं? मुळीच नाही!

‘जुनं ते सोनं’ ही म्हण ज्या कोणी काढली, त्या गृहस्थाला आठ दिवस बँकेच्या कॅशच्या पिंजऱ्यात बसवायला हवं. सोनं राहिलं बाजूला, हाताला लागतं ते स्टील, फार तर निकेल मिसळलेलं पितळ, आणि वर कुणाच्या तरी तंबाखूचा वास. पण या म्हणीवर आपली श्रद्धा अशी दांडगी, की घरटी एक बिस्किटांचा डबा जुन्या नाण्यांनी भरलेला असतोच. डबा हलवला की खुळखुळतो आणि घरातला कर्ता पुरुष गंभीर आवाजात सांगतो, ‘असू दे. पुढे याला भाव येईल.’

भाव येईल! अहो, कुठून येईल? कोण आणील?

हल्ली तर या श्रद्धेला मोबाइलचे पाय फुटले आहेत. ‘तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं आहे? मग तुम्ही लखपती आहात!’ असा निरोप दर पंधरा दिवसांनी येतो. पाठवणारे कोण? तर आपलेच निवृत्त मेहुणे, सोसायटीचे सेक्रेटरी आणि एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास वाद घालणाऱ्या आपल्या मावशी. ते नाणं निघालं २०१२ साली. म्हणजे जुनं म्हणावं तर घरातल्या मिक्सरपेक्षाही नवं. आणि ते चांगलं चलनात आलेलं, लोकांनी हाताळलेलं नाणं. माझा साधा हिशेब आहे. एका नाण्याला दहा लाख मोजणारा दाता या देशात खरोखर असता, तर आज एकही कॅशियर नोकरीत दिसला नसता. रोज पोत्यांनी नाणी मोजणारे आम्ही, आम्हांला हा दाता कधीच का भेटला नाही?

आता तुम्ही म्हणाल, ‘गंमत म्हणून पाठवतात हो लोक, आपलं काय जातं?’

काय जातं ते सांगतो. आमच्या काउंटरवर एक निवृत्त शिक्षक आले होते. धोतर, काळी टोपी, खिशाला पेन. कुणा ‘साहेबां’ना सात हजार रुपये पाठवायचे होते. कशाबद्दल, तर नाण्याच्या विक्रीवरचा कर. त्याआधी ‘नोंदणी फी’ म्हणून एकवीसशे रुपये पाठवून झाले होते. हे पैसे बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. फोनवर त्यांनी पत्र दाखवलं. त्यावर चक्क रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह! मी म्हटलं, ‘गुरुजी, विकणारे तुम्ही. मग पैसे तुम्हीच का भरताय?’ गुरुजी बराच वेळ गप्प बसले. जन्मभर मुलांना नफा-तोटा शिकवलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, ‘पण मला हे आमच्या शाळेच्या ग्रुपवर आलं होतं. ओळखीच्यांनी पाठवलेलं.’

हेच ते. चोराला दार कुणी उघडून दिलं? ओळखीच्यांनी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही, अशा व्यवहारात आम्ही फी किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या नावाने ते घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. हे पत्रक किती मेहुण्यांनी पुढे पाठवलं?

बरं, नाण्याची किंमत वयावर ठरते हेच मुळात खोटं. १९३९चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, युद्धात धातू वाचवण्यासाठी काढलेला भोकाचा पैसा? तो आजही कुठल्याही जुन्या बाजारात निघतो. वयात फरक चार वर्षांचा, पण मानात फरक सावकार आणि कुळाचा. कारण पहिला फारसा उरला नाही, दुसरा घरोघरच्या आज्यांनी जपला. जे सगळ्यांनीच जपलं ते दुर्मिळ होणार कसं? आणि यातलं एकही आता वाण्याने परत दिलेल्या मोडीत येणार नाही. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला, आणि पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी बाद झाली ती ३० जून २०११पासून.

मग नाणी जमवूच नयेत की काय? जरूर जमवा! पण लखपती व्हायला नको, वाचायला जमवा. सालाच्या खाली बारीक नजरेने पाहा. चौकट दिसली तर मुंबईची टाकसाळ, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. १९६४चा नेहरूंचा रुपया नातवाच्या हातावर ठेवा आणि त्या वेळी त्यात काय काय यायचं ते सांगा. पोरगं पहिल्यांदाच तुमच्याकडे आदराने बघेल. एवढं व्याज कुठल्याही ठेवीवर मिळत नाही.

बाकीचा डबा मात्र आजच मोकळा करा. एकीकडे दुकानदार सुट्या रुपयाऐवजी गोळ्या हातावर ठेवतो म्हणून आपण कंठशोष करायचा, आणि दुसरीकडे किलोभर रुपये माळ्यावर कोंडून ठेवायचे! पन्नास पैशांचं नाणंसुद्धा कायद्याने अजून चालतं, चालवत नाही ते आपण.

आणि एवढं सांगूनही कुणाला वैष्णोदेवीचं नाणं विकायचंच असेल, तर माझ्या काउंटरवर अवश्य यावं. रोख पाच रुपये देईन. नोंदणी फी माफ.